रक्ताच्या ग्रंथांतील एक अक्षर

मुंबईच्या दादर आणि परळ या दोन भागांच्या मध्यें नायगांव वसलेलें आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत मुंबई सरकारच्या विकास खात्यानें ज्या चाळी बांधल्या, त्यांपैकीं ४२ चाळी येथें उभ्या राहिल्या. पहांटे गिरणीचा भोंगा वाजावा, पुरुषांनीं आणि कित्येक घरांतील बायकांनींही कामावर जावें, व सायंकाळीं कापसाचे तंतु केसांत घेऊन परत यावें, असा या वस्तीचा नित्यक्रम कित्येक वर्षें चालला होता. याच वस्तीपासून पायीं जातां येईल इतक्या अंतरावर, परळास, हाफकिन संस्था होती. १९२६ सालीं तेथें राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजेच सर्वांच्या तोंडीं असलेलें के. ई. एम., सुरू झालें. त्याच वर्षीं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, १९२९ सालीं बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, आणि १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय, अशा संस्था एकामागून एक उभ्या राहिल्या. एका बाजूस कामकऱ्यांची चाळ व दुसऱ्या बाजूस प्रयोगशाळा, असा हा शेजार होता. या शेजारानें मनुष्याच्या रक्ताविषयींच्या ज्ञानांत जी भर घातली, तिची कथा ऐकण्यासारखी आहे.

चाळींतील बोलण्यांत एक वाक्य नेहमीं ऐकूं येत असे : "अंगांत रक्त नाहीं." मूल फिकट पडलें, बाळंतीण जिना चढतांना धापा टाकूं लागली, कीं हेंच निदान शेजारीण करी, आणि हेंच वैद्यही करी. आयुर्वेदानें या अवस्थेस पांडुरोग असें नांव फार पूर्वींच दिलें होतें. परंतु नांव एक असलें म्हणजे रोगाचें कारणही एकच असतें, असें नाहीं. एका फिकटपणाच्या पोटांत किती निरनिराळीं कारणें दडलेलीं आहेत, हें उलगडण्यास विज्ञानास जवळजवळ सारें विसावें शतक खर्चावें लागलें.

पहिलें कारण सांपडलें तें उपासमारीचें. १९२८ सालीं लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांस गरोदरपणीं एक विशेष प्रकारचा पांडुरोग होई व त्यांतील कित्येक जणी दगावत. त्याचा शोध करण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. हाफकिन संस्थेंत राहून त्यांनीं या स्त्रियांच्या रक्ताचें आणि त्यांच्या ताटांतील अन्नाचें परीक्षण केलें. हा रोग कोणत्याही जंतूमुळें होत नसून निकृष्ट आहारामुळें होतो, आणि यीस्टच्या अर्कासारख्या स्वस्त पदार्थानें तो बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील अज्ञात गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. आज गरोदर स्त्रीस जी लहानशी गोळी मिळते, तिचा उगम असा परळांतील आहे.

दुसरें कारण लोहाच्या उणिवेचें. तें अधिक सर्वत्र आढळणारें, आणि त्याचा उपायही सोपा. त्यामुळें फिकट मुलास लोहाचें औषध द्यावें, हा वैद्यांचा शिरस्ता पडला. परंतु कांहीं मुलें अशीं येत, कीं त्यांस लोह द्या, सकस अन्न द्या, मोकळ्या हवेंत न्या, गुण म्हणून येत नसे. जन्मतः हीं बालकें इतरांसारखींच टवटवीत असत. सहा महिन्यांच्या पुढें आणि दोन वर्षांच्या आंत तीं सुकूं लागत. पोटांत प्लीहा वाढे, गालाचीं व कपाळाचीं हाडें रुंद होत, आणि थोड्याच वर्षांत खेळ आटोपे. आईस दोष दिला जाई. दृष्ट लागली म्हणत, दूध बाधलें म्हणत, पूर्वजन्मीचें पाप म्हणत.

या रोगाचें वर्णन १९२५ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं टॉमस कूली या बालरोगतज्ज्ञानें केलें. प्रथम आढळलेले रुग्ण भूमध्य समुद्राकांठच्या देशांतून आलेल्या कुटुंबांतील होते. म्हणून १९३२ सालीं व्हिपल व ब्रॅडफर्ड यांनीं समुद्रवाचक ग्रीक शब्दावरून त्यास थॅलसीमिया हें नांव दिलें. परंतु रोगास समुद्राची सीमा ठाऊक नव्हती. १९३८ सालीं कलकत्त्याच्या डॉ. मुखर्जी यांनीं भारतीय बालकांतही तो असल्याचें दाखविलें. १९४० च्या दशकांत हा आनुवंशिक रोग आहे, हें निश्चित झालें. आईकडून एक व बापाकडून एक अशीं दोन सदोष जनुकें मिळालीं, तरच मूल आजारी होतें. एकच सदोष जनुक मिळालेला मनुष्य धडधाकट असतो. तो केवळ वाहक असतो, आणि आपण वाहक आहों याची त्यास जन्मभर गंधवार्ता नसते.

इकडे परळांत रक्ताचा अभ्यास खोल खोल जाऊं लागला होता. टाटा स्मारक रुग्णालयांतील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची दृष्टि कर्करोगापुरती मर्यादित नव्हती. एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनीं मुंबईंतील सहा ज्ञातींच्या आनुवंशिक लक्षणांची तुलना करून ती १९५० च्या सुमारास प्रसिद्ध केली. आपापल्या ज्ञातींतच विवाह करण्याची शेंकडों वर्षांची रूढि रक्तांत कशी उमटते, याचा तो पहिल्या कांहीं शोधांपैकीं एक होय. १९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांस मुंबईंत कांहीं व्यक्तींचें असें रक्त आढळलें, कीं तें ए, बी व ओ यांपैकीं कोणत्याही गटाशीं जुळेना. आज जगभर तो रक्तगट 'बॉम्बे' याच नांवानें ओळखला जातो. १९५६ सालीं पी. के. सुकुमारन, संघवी व व्यास यांनीं पश्चिम भारतांतील आदिवासींमध्यें दात्रपेशीचें लक्षण दाखवून दिलें. १९५७ सालीं मुंबईंत रक्तगट संदर्भ केंद्राची स्थापना झाली. त्याचेंच पुढें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील प्रतिकाररक्तविज्ञान संस्थेंत रूपांतर झालें.

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून हजारों कुटुंबें मुंबईस व कल्याणच्या छावणींत आलीं. त्यांच्या मुलांत थॅलसीमिया वारंवार दिसूं लागला. १९७२ सालीं सुकुमारन, मर्चंट, मीना देसाई व इंग्लंडांतील लेहमन प्रभृतींनीं तीन सिंधी कुटुंबांत या रोगाच्या जोडीस हिमोग्लोबिनचा एक नवाच प्रकार शोधून काढला, आणि त्यास 'क्यू-इंडिया' असें नांव दिलें. मात्र रोग एखाद्याच ज्ञातीचा आहे, ही समजूत भ्रामक ठरली. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा कांहीं समाजांत त्याचें प्रमाण अधिक आहे, हें खरें. परंतु त्यापासून सर्वस्वीं मुक्त असा समाज महाराष्ट्रांत शोधूं गेल्यास सांपडावयाचा नाहीं. मुंबई, बडोदें, कलकत्ता इत्यादि सहा शहरांत झालेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत शंभर माणसांमागें सरासरी पावणेतीन माणसें वाहक आढळलीं.

इतका घातक दोष इतक्या लोकांत टिकून कां राहिला, असा प्रश्न येथें साहजिकच उद्भवतो. त्याचें उत्तर १९४९ सालीं जे. बी. एस. हाल्डेन यांनीं सुचविलें. हेच हाल्डेन पुढें १९५७ सालीं भारतांत आले व येथेंच स्थायिक होऊन १९६४ सालीं भुवनेश्वरास निवर्तले. त्यांचें म्हणणें असें, कीं ज्या प्रदेशांत हिंवतापाचा कहर असे, तेथें वाहकांचें रक्त त्या तापास अधिक टक्कर देई. पूर्वजांना ज्या लक्षणानें तारलें, त्याचीच जोडी वंशजांच्या एखाद्या बाळास मारते. यांत पाप नाहीं कीं शाप नाहीं. हिंवतापाशीं झालेल्या प्राचीन युद्धाची ती शिल्लक राहिलेली किंमत आहे.

तथापि त्या सदोष जनुकांत प्रत्यक्ष दोष कोणता, हें कोडें उरलेंच होतें. तें सुटण्यास पेशीच्या आंतील लेखनविद्या समजावी लागली.

जुन्या घराण्यांत बखरीचें मूळ बाड पेटींत बंद असे. तें कोणी बाहेर नेत नसे. ज्यास जो मजकूर हवा, त्याची नक्कल लेखनिक करून देई. पेशीचा कारभार थेट असाच आहे. पेशीकेंद्रांत डी. एन. ए. हें मूळ बाड असतें. चार अक्षरांच्या लिपींत त्यांत सुमारें ३०० कोटि अक्षरें लिहिलेलीं आहेत. हिमोग्लोबिनचा बीटा नांवाचा भाग घडविण्याची आज्ञा त्यांतील अकराव्या रंगसूत्रावर अवघ्या सुमारें १,६०० अक्षरांत आलेली आहे. एक सूक्ष्म लेखनिक तेवढ्या मजकुराची नक्कल आर. एन. ए. या द्रव्यांत उतरून घेतो. या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात. ती नक्कल केंद्राबाहेर जाते, आणि तेथें तीन तीन अक्षरांचा एक एक शब्द वाचून त्याप्रमाणें प्रथिनाची सांखळी गुंफली जाते. हा संदेशवाहक आर. एन. ए. १९६१ सालीं ओळखला गेला.

१९७७ सालीं या चित्रांत एक विलक्षण भर पडली. रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें, कीं कित्येक जनुकांचा मजकूर सलग नसतो. अर्थपूर्ण उताऱ्यांच्या मधोमध निरर्थक उतारे घुसलेले असतात. नक्कल उतरतांना तेही उतरतात. मग पेशी ते कापून टाकते, आणि उरलेले तुकडे एकमेकांस सांधते. गिरणींत सूत तुटलें, कीं कामगार चपळाईनें दोन टोकें जुळवून तीं सांधी. तशीच ही सांधणी. मात्र येथें एका अक्षराचाही फरक चालत नाहीं. बीटा जनुकांत असे तीन सार्थ उतारे व त्यांच्या मध्यें दोन निरर्थक उतारे आहेत. पहिला निरर्थक उतारा १३० अक्षरांचा, दुसरा ८५० अक्षरांचा. दोन्ही गेल्यावर ६०० हून थोडीं अधिक अक्षरें उरतात. रॉबर्ट्स व शार्प यांस १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां कात्री कोठें चालवावी, हें पेशीस कसें कळतें ? निरर्थक उताऱ्याच्या आरंभीं व अंतीं ठराविक अक्षरांच्या खुणा असतात. आरंभींची खूण वाचण्यासाठीं एक लहानसा आर. एन. ए. स्वतःचीं अक्षरें त्या खुणेच्या अक्षरांशीं जोडून पाहतो. जोड घट्ट बसली, कीं जागा पक्की झाली. या खुणेंतील पांचवें अक्षर बहुधा 'जी' असतें.

१९८३ सालीं ट्रीसमन, ऑर्किन व मनिॲटिस यांनीं थॅलसीमियाचीं पांच सदोष बीटा जनुकें जिवंत पेशींत घालून त्यांची वर्तणूक पाहिली. एका जनुकांत लेखनिकास बसण्याची जागाच बिघडलेली होती, म्हणून नकला कमी निघत. परंतु उरलेल्या चारही जनुकांत नक्कल उतरे. बिघाड होता तो सांधणींत. त्यांपैकीं एकांत पहिल्या निरर्थक उताऱ्याचें पांचवें अक्षर 'जी' असावयाचें तें 'सी' झालेलें होतें. बाकीचा मजकूर शुद्ध, केवळ हें एक अक्षर भिन्न. तेवढ्यानें खुणेची जोड सैल पडते. कात्री पुष्कळदां खरी जागा चुकते, आणि जवळपासच्या तीन फसव्या जागांपैकीं एखाद्या जागीं चालते. पहिल्या जागीं कापल्यास १६ अक्षरें कमी होतात, दुसऱ्या जागीं ३८ कमी होतात, व तिसऱ्या जागीं १३ जास्त राहतात. शाळेंतील मुलासही दिसेल, कीं १६, ३८ व १३ यांपैकीं एकाही संख्येस तिनानें भाग जात नाहीं. म्हणून तीन तीन अक्षरांचे पुढचे सारे शब्द सरकतात, वाक्याचा अर्थ नाहींसा होतो, आणि बीटा सांखळी तयार होत नाहीं. क्वचित् कात्री खऱ्या जागीं चालते. तेवढेंच थोडें शुद्ध हिमोग्लोबिन त्या बाळाच्या वांट्यास येतें.

दुसऱ्याच वर्षीं, १९८४ सालीं, कझाझियन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं भारतीय वंशाच्या रुग्णांचीं जनुकें तपासलीं. भारतीयांत जे दोष आढळतात, त्यांत हा पांचव्या अक्षराचा दोष प्रमुख ठरला. पुढें परळच्या प्रतिकाररक्तविज्ञान संस्थेंत रोशन कोलाह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील रुग्ण तपासले. भारतांतील सदोष बीटा जनुकांपैकीं निम्म्याहून अधिक जनुकांत हीच चूक असते, हें त्यांच्या व इतरांच्या कामानें प्रस्थापित झालें आहे. सिंधी व लोहाणा कुटुंबांत दुसरा एक दोष विशेष आढळतो. तेथें ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो. कोणाच्या ग्रंथाचें पान फाटलें, कोणाच्या ग्रंथांतील अक्षर बदललें. आईच्या मांडीवरचें मूल मात्र दोन्हीकडे सारखेंच फिकट.

हें ज्ञान पुस्तकांतच राहिलें असतें, तर त्याची महती एवढी वाटली नसती. परंतु त्यामुळें तीन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट, रुग्ण मुलाचें आयुष्य वाढलें. दर दोन ते चार आठवड्यांनीं रक्त दिल्यास मूल वाढतें, शाळेंत जातें. परंतु दिलेल्या रक्तांतील लोह शरीरांत सांचतें व यकृत आणि हृदय यांस ग्रासतें. ज्या मुलास पूर्वीं वैद्य लोह पाजीत, त्याच्या अंगांतून लोह काढणें हाच खरा उपचार होय, ही या रोगाची विपरीत रीति आहे. लोह काढणारें औषध प्रथम टोंचूनच द्यावें लागे, व तेंही तासन् तास. तोंडानें घ्यावयाच्या औषधाच्या चांचण्यांत मुंबईच्या डॉक्टरांनीं भाग घेतला, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास भारतांत तें प्रथम विक्रीस आलें. अस्थिमज्जा बदलून रोग मुळापासून घालविण्याची शस्त्रक्रिया १९८६ सालीं वेल्लोर येथें यशस्वी झाली. २०२३ सालीं इंग्लंडांत जनुकांत नेमकी कापणी करून गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पुन्हां सुरू करणाऱ्या उपचारास संमति मिळाली. परंतु त्याचा खर्च चाळींतील कुटुंबाच्या स्वप्नांतही न येणारा आहे.

दुसरी गोष्ट, सांधणींतील चूक ओळखतां आली म्हणजे कधीं कधीं ती सुधारतांही येते, अशी आशा उत्पन्न झाली. मेरुरज्जूच्या पेशी झिजून बालकें लुळीं पडतात असा एक आनुवंशिक रोग आहे. त्यांत सांधणीची दिशा वळविणारें औषध २०१६ सालीं मान्य झालें. थॅलसीमियांतील चुकीवरही अशा युक्तीचे प्रयोग प्रयोगशाळांत झालेले आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी व सर्वांत मोठी. वाहक मनुष्य रक्ताच्या सामान्य तपासणीनें ओळखतां येतो. त्याच्या तांबड्या पेशी लहान असतात, व ए-दोन नांवाच्या हिमोग्लोबिनचें प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर जातें. वाहकाचा विवाह वाहक नसलेल्या व्यक्तीशीं झाला, तर मुलांस हा रोग होण्याचें भय नाहीं. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भाच्या वेळीं चारांत एक असा रोगाचा संभव असतो. अशा जोडप्यास गर्भाची तपासणी आरंभींच्या तीन महिन्यांतच करून घेतां येते. आपल्या कुटुंबांतील दोष कोणत्या अक्षरांत आहे हें आधीं ठाऊक असलें, तर तें काम त्वरित होतें. परळांत जमविलेल्या चुकांच्या यादीचें व्यावहारिक मोल हें आहे. पुढील निर्णय मातापित्यांनीं कायद्याच्या मर्यादेंत व आपल्या विवेकानें घ्यावयाचा असतो.

सायप्रस, सार्डिनिया व ग्रीस येथें १९७० च्या दशकापासून अशा तपासणीची मोहीम चालली, आणि रोगी बालकांचा जन्म तेथें अत्यंत विरळ झाला. भारतांत मात्र दरवर्षीं सुमारें दहा हजार बालकें हा रोग घेऊन जन्मास येतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. अडचण ज्ञानाची राहिलेली नाहीं. ती मनाची आहे. पत्रिका जुळविण्यास घरांतील वडीलधारीं मंडळी दोन महिने खर्चितात, परंतु रक्त तपासण्याचें नांव काढलें कीं त्यांच्या कपाळास आठी पडते. मुलगी वाहक निघाल्यास तिचें लग्न मोडेल, या भयानें तपासणीच टाळली जाते. आणि मुलगाही तितकाच वाहक असूं शकतो, याचा सोयिस्कर विसर पडतो. आजारी बाळाच्या निम्म्या वांट्याचा धनी बाप असतो, हें गणित सुनेस दोष देणाऱ्या घरानें एकदां मांडून पाहावें.

गिरण्यांचे भोंगे आतां थांबले आहेत. १९८२ च्या संपानंतर एक एक करून त्या बंद पडत गेल्या. परंतु नायगांवाहून परळाच्या रुग्णालयाकडे जाणारा रस्ता तोच आहे. त्या रस्त्यानें एखादी माता दर तीन आठवड्यांनीं आपल्या मुलास रक्त देण्यासाठीं घेऊन जाते. कोणा अनोळखी दात्याच्या रक्तावर त्या मुलाचे पुढचे तीन आठवडे अवलंबून असतात. तिच्या मुलाच्या पेशींत कोणतें अक्षर बदललें, हें सांगणारें विज्ञान तिच्या घरापासून हांकेच्या अंतरावर वाढलें. तिच्या धाकट्या बहिणीचें लग्न ठरण्यापूर्वीं तिचें व नियोजित वराचें रक्त त्याच रुग्णालयांत तपासलें गेलें, तर त्या घरांतील दुसऱ्या मुलावर हा प्रसंग येणार नाहीं. लूसी विल्स यांनीं उपासमारीचा पांडुरोग वेगळा काढला, त्याला आतां जवळजवळ शंभर वर्षें होतील. आनुवंशिक पांडुरोगाचें अक्षरही वाचून झालें आहे. त्या अक्षराची ओळख आतां घराघरांतील वडिलांनीं करून घ्यावयाची राहिली आहे, आणि तीही लग्नाच्या याद्या होण्यापूर्वीं.